वेदीच्या कापडाची खळ

"नवस बोलायचा तर आपल्या तोंडाने आणि आपल्याच तोंडावर बोलायचा, पोरी. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून देवाला वाहू नये. देव ते घेत नाही, आणि ताटाचा धनीही विसरत नाही."

एर्लिंदाची आई तोमासा हे म्हणाली तेव्हा दोघी मायलेकी अंगणात बसून कणसं सोलत होत्या. एर्लिंदा तेव्हा एवढीशी. तिला त्यातलं ताट तेवढं कळलं होतं. आता तिची पन्नाशी उलटली होती, आई केव्हाच मातीआड गेली होती, आणि सांता कातारिनाच्या चर्चमागच्या खोलीत वेदीच्या कापडावर इस्त्री फिरवताना तेच शब्द कुणी मानेशी उभं राहून बोलावेत तसे ऐकू येत होते.

इस्त्री पुढे गेली की मागे पांढरी भुकटी उडत होती. खळ बसलीच नव्हती. कापडाची खळ कशी करायची हे एर्लिंदाला कुणी शिकवायला नको होतं. वेदीची कापडं, फादरांचे झगे, मातेच्या मूर्तीचा घागरा हे सगळं वर्षानुवर्षं तिच्याच हातचं. साधी खळ उकळली की चकाकते, चिकट होते, बोटाला तार धरते. ही मात्र कितीही उकळा, खडूच्या पाण्यासारखी पांढरी राहायची आणि भांडं खाली ठेवलं की तळाशी जाऊन बसायची. एर्लिंदा तीत नेहमीची खळ मिसळायची. तरी वाळल्यावर हात लावला की बोटाला पीठ.

ते पीठ कापडासाठी नव्हतंच. ते तिच्या लेकीचं, यारेलीचं औषध होतं.

चापाला तळ्याच्या त्या काठावर किडनीचं दुखणं घरोघर होतं. साखर नाही, दाब नाही, वय नाही, आणि माणूस सुकत जायचं. कुणी विहिरीच्या पाण्याला दोष देई, कुणी फवारणीच्या औषधाला, कुणी उन्हातल्या राबण्याला. डॉक्टरांनाही अजून एका कारणावर बोट ठेवता येत नव्हतं. एर्लिंदाचा नवरा क्रेसेन्सियो त्यातच गेला. तळ्यात जाळं टाकणारा चांगला उंचापुरा माणूस, शेवटी शेवटी पायरी चढताना भिंतीला धरायचा. तो आजारी असताना एर्लिंदाने सान हुआनच्या मातेपर्यंत पायी जाण्याचा नवस बोलला होता. निम्म्या वाटेवर पाय सुजले, टाचा फुटल्या, आणि ती एका ट्रकमध्ये चढली. सोबत तिची कोमाद्रे नाचा होती. यारेलीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी नाचाने तिला हातात धरलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. नाचा ट्रकमध्ये टमाट्यांच्या पेट्यांवर बसून सान हुआनपर्यंत भजनं म्हणत गेली, आणि माता तिच्यावर कधी रागावली नाही. क्रेसेन्सियो मात्र त्याच महिन्यात गेला. ट्रकची गोष्ट एर्लिंदाने कुणाला सांगितली नाही. मनात मात्र पक्कं धरलं की आपल्या अंगावरच्या नवसाला वजन नाही. आपलं शरीर भित्रं आहे.

म्हणून यारेलीच्या रक्ताचा तपास हातात आला आणि त्यातही तेच दुखणं निघालं तेव्हा ती मातेपुढे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "माझी लेक बरी होईपर्यंत तिच्या ओठाला मका लागणार नाही."

यारेलीला जगात सगळ्यात काय आवडत असेल तर तव्यावरून उतरलेली तोर्तिया, मक्याची पातळ भाकरी. वर नुसतं मीठ टाकायचं, मुठीत गुंडाळायची आणि उभ्या उभ्या खायची. देवाला प्रिय वस्तू द्यावी. एर्लिंदाचा हिशेब एवढाच होता, आणि तो तिला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला.

मागच्या बाकावरच्या बायांनी नवस ऐकला. दिवस मावळायच्या आत गावभर झाला. यारेलीला तो आईकडून कळलाच नाही. ती संध्याकाळी तोर्तियाच्या दुकानात गेली, तर दुकानाच्या बाईने फडक्यात बांधलेल्या तोर्तिया परत ओढून घेतल्या आणि म्हणाली, तुला नाही विकणार बाळ, माझ्या डोक्यावर पाप नको. यारेली रिकाम्या हाताने घरी आली. बावीस वर्षांची पोर, पण भांडली नाही. चुलीपाशी उभी राहून एवढंच म्हणाली, "मला विचारायचंस तरी."

मग गाव धावून आलं. मका नाही तर पोरीच्या अंगात ताकद कुठून येणार, म्हणून कुणी हाडांचा रस्सा आणला, कुणी कोंबडी, कुणी चीज. तळहाताएवढीही मक्याची चकती ताटात नाही, चवळी-घेवड्याचा दाणा नाही, कारण मक्याशिवाय घेवडा यारेलीच्या घशाखाली उतरत नसे. सकाळ-संध्याकाळ मांस आणि रस्सा. एर्लिंदा प्रत्येक वाडगा आशीर्वादासारखा दोन्ही हातांनी घ्यायची.

त्यानंतर शहरातल्या विद्यापीठातून डॉक्टर इत्सेल बारागान येऊ लागली. वयाने यारेलीहून फार मोठी नसेल. गावच्या दवाखान्यात ती थंड पेटी घेऊन बसायची. किडनीच्या माणसांच्या आतड्यातले जिवाणू तिला तपासायचे होते. त्यासाठी रक्त हवं, लघवी हवी, आणि तिसरी गोष्टही हवी, जिचं नाव ऐकून ओळीतल्या सगळ्या बाया जमिनीकडे पाहायच्या. शिवाय त्याच घरातल्या, त्याच पाण्यावरच्या एका धडधाकट माणसाचीही तीच वस्तू हवी, म्हणजे ताडून बघता येतं. यारेलीच्या घरात धडधाकट माणूस एर्लिंदाच. तिला झाकणाची डबी दिली गेली. पुढच्या खेपेला ती म्हणाली, जमलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाली, विसरले. मातेच्या घागऱ्याला जे हात लागतात त्या हातांनी ती डबी गावातून न्यायची, हे तिच्याने होईना. नाचाने भर ओळीत टोमणा मारला, "कोमाद्रे, देवाने सगळ्यांना एकाच साच्यातून काढलंय. बिशपही सकाळी उठून फुलं नाही देत." सगळी ओळ हसली. एर्लिंदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

डॉक्टरीण मात्र हसली नव्हती. तिने एर्लिंदाला आणि यारेलीला बाजूला बसवून नीट सांगितलं होतं. आतड्यात जिवाणूंचं अख्खं गाव असतं. त्यांना चोथा मिळाला की ते तो आंबवून खातात आणि आतड्याचं अस्तर राखतात. चोथा तुटला आणि नुसतं मांसच येत राहिलं, की भलतेच जंतू माजतात. ते त्या मांसातून एक द्रव्य करतात, ते रक्तात उतरतं, आणि पुढे त्याचं विष होतं. चांगली किडनी ते विष बाहेर टाकते. दुखऱ्या किडनीला ते जमत नाही, मग ते साचतं आणि उलटून तिच्याच पेशींवर पडतं.

"पेशी मग मरतात," डॉक्टरीण म्हणाली. "काही चुपचाप मरतात, दिवा मालवून, दार ओढून निघून गेल्यासारख्या. काही मात्र फुटून मरतात आणि शेजारणीला घेऊन जातात. तुमच्याकडे जाळी आहेत ना घरात? जाळ्याची एक गाठ सुटली तर कळत नाही. किडनीचं असंच असतं. अर्ध्याहून जास्त गाठी सुटेपर्यंत मासे येत राहतात."

क्रेसेन्सियोचं जाळं अजून भिंतीवर टांगलेलं होतं. एर्लिंदाने पदराने डोळे टिपावेत तसे शालीच्या टोकाने टिपले आणि विचारलं, मग त्या सुटलेल्या गाठी पुन्हा बसतात का. डॉक्टरीण म्हणाली, सुटलेल्या नाही बसत, पण उरलेल्या वाचवता येतील असं वाटतं, तेच आपण बघतोय. आणि तिने पुड्या दिल्या. रोज सकाळी एक, पाण्यात कालवून. ही भुकटी पोटात पचत नाही. उकळली तरी विरघळत नाही, तशीच खाली जिवाणूंपर्यंत पोचते आणि चांगल्यांना जगवते. मांस कमी करा, तोर्तिया आणि घेवडा मी सांगते तेवढा चालू द्या. "किती तोर्तिया खाते ही?" तिने विचारलं. यारेलीने आईकडे पाहिलं. एर्लिंदा म्हणाली, "खाते. चार खाते."

शहरच्या शिकल्या-सवरल्या मुलीपुढे नवसाचं नाव काढायची तिला लाज वाटली. आई खोटं बोलते आहे हे यारेलीला दिसलं, आणि तिने आईची लाज झाकली.

घरी येऊन एर्लिंदाने पुडीवरची बारीक अक्षरं वाचली. मक्याचं सत्त्व. ती पुडी हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. ओठाला मका लागणार नाही, हे तिनेच सांगितलेलं. एकदा नवस मोडला तर नवरा गेला. डॉक्टरणीला विचारावं तर आधीचं खोटं उघडं पडणार. यारेलीला सांगावं तर ती हसून पुडी फाडणार आणि पिऊन टाकणार, आणि मग जे होईल ते एर्लिंदाच्या डोळ्यांदेखत होणार. तेव्हा तिने तांदळाचं पीठ आणलं. रोज सकाळी ती ते पाण्यात कालवायची, वर क्रूसाची खूण करायची आणि यारेलीपुढे धरायची. यारेली नाक मुरडून पिऊन टाकायची आणि म्हणायची, काय बेचव ग बाई हे औषध.

औषध फेकायचं म्हणजे पाप. म्हणून पुड्या चर्चमध्ये आल्या. मातेच्या चरणी गेलं म्हणजे लेकीलाच लागलं, असं एर्लिंदाने स्वतःला समजावलं. दर मिस्सेच्या उपासनेला ते कापड वेदीवर असायचं. फादर आन्सेल्मोंनी प्याला उचलला की त्यांच्या काळ्या बाहीच्या काठाला पांढरी रेघ दिसायची. ते ती झटकायचे, आणि एर्लिंदा जपमाळेवरचा मणी सोडून खाली बघायची.

मातेच्या कांदेलारिया सणाआधी दवाखान्याचा वार आला. डॉक्टर इत्सेलने दोघींना शेवटी बोलावलं, इतर सगळे गेल्यावर. तिच्यासमोर तपासांचे कागद होते, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

रक्तातलं विष वाढलं होतं, ती म्हणाली. आतड्यात जे जिवाणू वाढायला हवे होते ते मुळी वाढलेच नाहीत, जणू त्यांना काही मिळालंच नाही. गावातल्या इतरांत थोडा तरी फरक दिसतोय. यारेलीत उलटंच. "पावडर रोज घेतेस ना?" तिने यारेलीला विचारलं.

"आई स्वतः कालवून देते," यारेली म्हणाली. "एकही दिवस चुकली नाही ती."

एर्लिंदाने मान हलवली. मान हलवली हे तिला नंतर आठवलं, आणि पुढे कित्येक दिवस ती मान तिला स्वतःची वाटली नाही.

डॉक्टरीण म्हणाली, "म्हणजे माझ्याच औषधात काहीतरी कमी आहे. हिच्यापुरतं ते चालत नाही असं मला लिहावं लागेल, आणि हिला या अभ्यासातून काढावं लागेल. हाताच्या शिरेची तयारी आता लांबवून चालणार नाही. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर घ्यायची वेळ आली तर शीर तयार हवी." आणि मग जे एर्लिंदाला सोसलं नाही तेच ती बोलली. "एर्लिंदाबाई, मी तुम्हाला आशा लावली. मला माफ करा."

यारेली आपला डावा हात उलटा-पालटा करून बघत होती. बापाच्या हातावर त्या जागी केवढी गाठ उठली होती ते तिला आठवत असणार. एर्लिंदा तोंड उघडणार होती. तेवढ्यात नर्सने दार लोटून विचारलं, पेटी बंद करू का, आणि डॉक्टरीण उठली. एर्लिंदाचं तोंड होतं तिथेच मिटलं. माफी मागणाऱ्या पोरीला तिने नुसतं म्हटलं, देव भलं करो.

परतीच्या वाटेवर यारेली मान खाली घालून चालत होती. मध्येच म्हणाली, "माझं शरीरच कोडगं आहे, आई. औषधालाही दाद देत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, आता मीठही सोडून बघू का, तुझ्या मातेला विचार, काय हवंय तिला अजून. ती थट्टेने म्हणाली की खरंच, ते एर्लिंदाला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

कांदेलारियाच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये मूर्तीला सजवायचं होतं. नाचाच्या घरी मक्याच्या पिठाचे तामाल वाफेवर चढले होते, कणसाच्या पानांचा वास चर्चच्या दारापर्यंत येत होता. यारेली मदतीला आली. तो वास आल्यावर तिने क्षणभर डोळे मिटले, मग मातेचा घागरा उचलून झटकला. पांढरी धूळ उडून तिच्या केसांवर बसली.

"आई, खळ बिघडली ग तुझी," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली, कधी बिघडली नाही." तिने बोटावरची भुकटी चोळून पाहिली. "ही खळ नाही वाटत. पीठ आहे नुसतं."

एर्लिंदाच्या हातात टाचण्यांची डबी होती. ती तिने मांडीवर ठेवली.

"तुझं औषध आहे ते."

यारेली हसली. आई थट्टा करत नाही हे तिला माहीत होतं, तरी आधी हसली. मग एर्लिंदाने सगळं सांगितलं, पुडीवरच्या अक्षरांपासून तांदळाच्या पिठापर्यंत. आवाज इतका लहान होता की यारेलीला दोनदा पुढे वाकावं लागलं. ट्रकची गोष्टही सांगितली. सांगून झालं तेव्हा मातेचा घागरा दोघींच्या मध्ये पडला होता, आणि बाहेर कुणीतरी फटाके लावून बघत होतं.

यारेलीने घागरा उचलला आणि दिव्याजवळ धरला. "म्हणजे माझ्या वाटचं हिने खाल्लं," ती म्हणाली. "तरीच गालावर तेज आहे हिच्या."

"यारेली."

"मी रोज नाक दाबून प्यायले ते तांदूळ होते." तिचा आवाज अजून चढला नव्हता. "डॉक्टरणीने तुझी माफी मागितली, आई. तू तिला म्हणालीस देव भलं करो." घागरा तिने घडी घालून, नीट, काठाला काठ जुळवून बाकावर ठेवला. "मक्याचा नवस बोललीस तेव्हा मी गप्प बसले. तू खोटं बोललीस तेव्हाही गप्प बसले. वाटलं, बाबा गेल्यापासून आईला एवढाच एक आधार आहे, राहू दे." मग ती निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं असं एर्लिंदाला वाटलं.

ती तशीच फादर आन्सेल्मोंकडे गेली. फादर आता म्हातारे झाले होते, उजव्या कानाने बहिरे, आणि पापनिवेदनाच्या जाळीला नेमका तोच कान असायचा. पलीकडे बाया फुलं बांधत होत्या. एर्लिंदा कुजबुजली. फादर म्हणाले, काय सोडलं? ती पुन्हा कुजबुजली. फादर म्हणाले, मोठ्याने बोल, मुली. तेव्हा आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या त्या बाईला अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं, "मका, फादर. मी तिला मका सोडायला लावला. आणि तिचं औषध वेदीच्या कापडाला घातलं." फुलं बांधणाऱ्या बायांचे हात थांबले ते तिला जाळीतून दिसलं. तिने ते पुरतं पाहून घेतलं. मग पुढचंही मोठ्यानेच सांगितलं.

फादर बराच वेळ आपली बाही बघत राहिले. "तरी म्हटलं हे काय लागतंय," ते म्हणाले. मग म्हणाले की नवस हा बोलणाऱ्याला बांधतो, दुसऱ्याला बांधत नाही, हा चर्चचा साधा नियम आहे आणि ती चर्चची कापडं सांभाळते तर तिला तो ठाऊक असायला हवा होता.

"मग इतके दिवस ती जी उपाशी राहिली ते?"

"ते तुझ्या शब्दाखातर, एर्लिंदा. मातेने ते मागितलंच नव्हतं."

एर्लिंदाला वाटलं आपण खाली बसतोय, पण ती आधीच गुडघ्यांवर होती. तिने प्रायश्चित्त विचारलं. फादरांनी तिला प्रार्थना सांगितली नाही. म्हणाले, देवाची क्षमा मी देतो, ते माझं काम आहे. काय भरपाई करायची ते लेकीला विचार.

घरी यारेली चुलीपाशी बसली होती. समोर नाचाने पाठवलेले तामाल झाकलेले होते. तिने त्यांना हात लावला नव्हता. एर्लिंदा दारातच उभी राहून म्हणाली, फादर म्हणाले नवस तुझा नव्हताच. खा तू.

"फादरांनी सांगितलं म्हणून खाऊ?"

"तुला वाटलं तर खा."

यारेलीने एक तामाल उचलला, कणसाचं पान हळूहळू सोडवलं, आणि वाफ निघून जाईपर्यंत नुसती बघत बसली. मग खाल्ला. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. एर्लिंदाने विचारलं, मी काय करू? सांगशील ते करते.

यारेली तोंडातला घास संपवून म्हणाली, "डॉक्टरणीला तू सांगायचं. मी नाही सांगणार, नाचामावशी नाही सांगणार. तिने लिहायच्या आत सांगायचं, नाहीतर तिचं औषध खोटं ठरेल आणि गावातल्या बाकीच्यांचंही बंद पडेल." पान चुलीत टाकून ती पुढे म्हणाली, "आणि तुझी डबी न्यायची. स्वतःची. माझी सगळी लाज त्यांनी काचेखाली ठेवून बघितली. तुझीही बघू दे."

एर्लिंदा म्हणाली, "नेते."

"मला राग आहे अजून."

"असू दे."

"आणि नवस?"

एर्लिंदाने तामालांवरचं झाकण पुन्हा नीट बसवलं. सांगितलं की तो आजपासून आपल्या स्वतःच्या तोंडावर आहे, मका आता आपण सोडला. यारेली म्हणाली, तुझं पोटही बिघडेल अशाने, कोंडा खा, घेवडा खा, ओट खा, डॉक्टरणीला विचारून खा, नाहीतर दोघी मिळून यंत्रावर बसू. आईची काळजी केल्याचं तिला आवडलं नसावं, कारण लगेच तिने तोंड फिरवलं.

सण झाला. वेदीवरचं कापड त्या दिवशी बिनखळीचं होतं, मऊ, कडेला थोडं चुरगळलेलं. गावात काय ते कळलेलं होतंच. मिस्सेनंतर काही बायांनी एर्लिंदाला वाट करून दिली, नको तितकी मोठी. नाचा तेवढी शेजारी येऊन चालली आणि म्हणाली, कोमाद्रे, त्या ट्रकमध्ये मीही होते, लक्षात आहे ना. एर्लिंदाने मान हलवली. या खेपेची मान तिचीच होती.

डॉक्टरणीचा वार उजाडला. एर्लिंदाने अंधार ओसरताना उठून चूल पेटवली, तवा ठेवला, तोर्तिया थापल्या. उरलेल्या पुड्यांतली एक फाडून पाण्यात कालवली. पांढरं पाणी, पीठ तळाशी बसू पाहणारं. चमचा तिने यारेलीच्या हातात दिला, तूच ढवळ म्हणाली. यारेलीने वास घेतला, जिभेवर थेंब ठेवून पाहिला, पुडीवरची अक्षरं वाचली, आणि मग प्यायली. आता ती असंच करणार होती, रोज. एर्लिंदाने ते पाहिलं.

मग ती परसात गेली, आणि जे करायचं ते केलं. डबीचं झाकण घट्ट लावलं, हात धुतले, पुन्हा धुतले. टोपलीत डबी ठेवून वरून वेदीवरचा एक जुना, धुऊन पातळ झालेला रुमाल झाकला. मग वाटलं, हेही झाकणंच झालं. रुमाल काढून तिने घडी घालून खुंटीवर ठेवला.

यारेली उंबऱ्यात बसली होती, हातात गरम तोर्तिया, वर मीठ. तिने टोपलीकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी एवढी संपवून येते."

गल्ली जागी झाली होती. तोर्तियाच्या दुकानाची फळी उघडत होती, दुकानाची बाई पायरी झाडत होती. तिने वर पाहून विचारलं, टोपलीत काय ग एर्लिंदा, इतक्या सकाळी?

"दवाखान्यात द्यायचंय," एर्लिंदा म्हणाली, आणि टोपली दोन्ही हातांनी धरून तळ्याच्या बाजूच्या उताराला लागली.